ड्रायव्हरमध्ये मेमरी मिळाली नाही तर? तपासणी आहे, तरी कर्नल पडतो

भीमाकाठ

नमस्कार. लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) राहून हार्डवेअर चालवणारा कोड, लिहिणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. दोन आठवडे या एकाच गोष्टीत गेलेत, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

३२-बिट आर्म बोर्ड, रॅम ५१२ एमबी. बोर्डावरचा एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी चिप) सेन्सरची सॅम्पल्स गोळा करतो आणि फिफो (त्याच्यातली सॅम्पल्सची रांग) अर्धा भरला की इंटरप्ट देतो, म्हणजे सीपीयूला हाक मारतो. माझा ड्रायव्हर फिफो वाचून १२८ केबीच्या बफरमध्ये सॅम्पल्स ठेवतो, वरचा प्रोग्रॅम ती उचलून नेतो. बोर्ड नुकता सुरू झालेला असेल तर काहीच अडचण येत नाही. पण सात-आठ दिवस चालल्यावर सेटिंग बदलायला ड्रायव्हर अनबाइंड करून (डिव्हाइसपासून सोडवून) परत बाइंड केला, की कधीतरी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ५' येतं आणि प्रोब (बाइंड करताना चालणारं फंक्शन) फेल होतो. इथपर्यंत मला कळतं. पण पुढच्या दोन-चार सेकंदांत ऊप्स (कर्नल चुकीच्या जागी पडल्याचा अहवाल) येऊन बोर्डच गोठतो, हे कळत नाही.

केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायच्या फंक्शनने) काय दिलं ते मी तपासते. नल (रिकामा पॉइंटर) आला की लगेच वजा ई-नोमेम ('मेमरी नाही' हा चुकीचा आकडा) परत करते. सगळीकडे हेच शिकवतात. मग चुकतंय कुठे?

जुना_कर्नल

तपासणी बरोबर असणार. माझी शंका 'लगेच परत करते' यावर आहे. प्रोबमध्ये कोणत्या क्रमाने काय काय घेता, ते सांगा. आणि बूटच्या ओळीत स्लब डीबग चालू करून तोच प्रकार पुन्हा घडवा. ऊप्समध्ये कोणता ॲड्रेस येतो तो अंकांसकट इथे टाका.

भीमाकाठ

क्रम असा: आधी डेव्हएम-केझॅलॉकने माझं स्ट्रक्चर (डेव्हएमने घेतलेलं कर्नल स्वतःच सोडतो). मग रजिस्टरांचं मॅपिंग, तेही डेव्हएमचं. मग साध्या रिक्वेस्ट-आयआरक्यूने इंटरप्ट घेते. त्याची तार शेअर्ड आहे, कारण त्याच एफपीजीएतला तापमान मोजणारा भागही तीच तार वापरतो. मग १२८ केबीचा केमॅलॉक. शेवटी कॅरेक्टर डिव्हाइसची (प्रोग्रॅमला फाइलसारखं उघडता येणाऱ्या डिव्हाइसची) नोंदणी.

ऊप्समधला ॲड्रेस: ६बी६बी६बी७बी. पडलं ते इंटरप्ट हँडलरमध्ये (इंटरप्ट आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये), अगदी पहिल्याच रजिस्टर वाचनात. हँडलरमध्ये मी मेमरी मागतच नाही, तरी तिथे कसं पडतं?

जुना_कर्नल

सापडलं. या ॲड्रेसमध्येच सगळी हकीकत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्लब डीबग चालू असताना कर्नल मोकळ्या केलेल्या मेमरीत ६बी हा बाइट भरून ठेवतो. तुमचं स्टेटस रजिस्टर बेसपासून हेक्समधल्या १० वर असणार. ६बी६बी६बी६बी मध्ये १० मिळवा: ६बी६बी६बी७बी. म्हणजे हँडलरने बेस पॉइंटर वाचला तो मोकळ्या झालेल्या स्ट्रक्चरमधून.

आता तुमचा प्रोब फेल होताना काय घडतं ते बघा. स्ट्रक्चर मिळालं, इंटरप्ट मिळाला, बफर मिळाला नाही. तुम्ही तिथूनच परत फिरलात. प्रोब फेल झाला म्हटल्यावर ड्रायव्हर कोअरने डेव्हएमच्या सगळ्या गोष्टी स्वतःहून सोडल्या, त्यात तुमचं स्ट्रक्चर गेलं. पण इंटरप्ट तुम्ही साध्या पद्धतीने घेतला होता. तो डेव्हएमच्या यादीत नाही, म्हणून कोणीच सोडला नाही. हँडलर तारेवर तसाच राहिला, सुटून गेलेल्या स्ट्रक्चरचा पत्ता हातात धरून. तापमानवाल्या भागाने दोन-चार सेकंदांनी इंटरप्ट दिला, तार शेअर्ड असल्यामुळे कर्नलने तुमच्याही हँडलरला विचारलं 'हा तुझा का?', आणि तो उत्तर द्यायला गेला तिथेच पडला. तुमचं डिव्हाइस त्या वेळी गप्प असेल. शेजाऱ्याच्या इंटरप्टनेही तुम्ही पडता.

मेमरी न मिळणं ही इथली चूक नाहीच. १२८ केबी म्हणजे ४ केबीची ३२ पानं (लॉगमधलं 'ऑर्डर ५' म्हणजे २ चा पाचवा घात), तीही सलग. आठवडाभर चाललेल्या ५१२ एमबीच्या मशीनवर ती मिळाली नाहीत तर नवल नाही. फेल होण्याआधीचा प्रॉक बडीइन्फो (कोणत्या आकाराचे किती सलग तुकडे मोकळे आहेत ते दाखवणारी फाइल) बघा, शेवटचे रकाने रिकामे दिसतील. एकूण मोकळी मेमरी भरपूर असते, पण तुकड्यातुकड्यांत.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर करा. एक, क्रम बदला. मेमरी सगळ्यात आधी मागा, इंटरप्ट सगळ्यात शेवटी. इंटरप्ट घेतला त्या क्षणापासून हँडलर कधीही धावू शकतो, म्हणून त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट तोपर्यंत जागेवर हवी. दोन, परतीचा रस्ता लिहा. कडा चढताना ज्या क्रमाने दोर बांधला त्याच्या उलट क्रमाने तो सोडत उतरायचं. शेवटी एकाखाली एक लेबलं ठेवायची, प्रत्येक लेबल एक गोष्ट सोडतं आणि खालच्या लेबलात घसरतं. जिथे फेल झालात तिथून गोटू करून बरोबर त्या पायरीवर उतरायचं. गोटूला नावं ठेवणारे पुष्कळ असतात, पण कर्नलमध्ये ही पद्धत मान्य आहे, कारण वाचणाऱ्याला चढण आणि उतरण समोरासमोर दिसते. लेबलांना 'एरर१, एरर२' अशी नावं देऊ नका. 'बफर_सोडा', 'इंटरप्ट_सोडा' असं काम सांगणारं नाव द्या. मध्ये एखादी नवी पायरी आली की आकडे चुकतात, कामाची नावं चुकत नाहीत.

तिखटमीठ

एवढं सगळं कशाला? इंटरप्टही डेव्हएम-रिक्वेस्ट-आयआरक्यूने घ्या, बफरही डेव्हएमने घ्या. २००७ सालापासून कर्नलमध्ये ही सोय आहे. उलट क्रमाने सोडण्याचं काम कोअर करतो, लेबलं लिहायचीच गरज नाही. आमच्या टीममध्ये नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतो.

जुना_कर्नल

साध्या ड्रायव्हरला हे चालतं, सहमत. फक्त अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने असं कधी करू नका. वरचा अपघात त्या सरमिसळीतूनच झाला.

उलट बाजूही तितकीच वाईट आहे. समजा इंटरप्ट डेव्हएमचा आणि बफर साध्या केमॅलॉकचा. रिमूव्हमध्ये (अनबाइंड करताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) तुम्ही केफ्रीने बफर सोडता. डेव्हएमच्या वस्तू सुटतात त्या रिमूव्ह संपल्यानंतर. मधल्या वेळात इंटरप्ट आला तर हँडलर सुटलेल्या बफरमध्ये लिहितो. ही चूक फार ठिकाणी बघितली आहे. एक तर सगळं डेव्हएमचं ठेवा, नाहीतर रिमूव्हमध्ये पहिलं काम हार्डवेअरचे इंटरप्ट बंद करायचं आणि दुसरं हँडलर काढायचं.

हे पकडायला कर्नलमध्ये 'डीबग शेअर्ड आयआरक्यू' नावाचा पर्याय आहे. शेअर्ड हँडलर सोडताना तो मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो. तुमची तार शेअर्ड आहे, म्हणून चालू करून ठेवाच.

अनुस्वार

डेव्हएमबद्दल अजून एक, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डेव्हएम-केझॅलॉकचं आयुष्य डिव्हाइस आणि ड्रायव्हरच्या बांधणीइतकं असतं. पण भीमाकाठताईंच्या ड्रायव्हरला कॅरेक्टर डिव्हाइस आहे. वरच्या प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवली आणि कोणी अनबाइंड केलं, तर स्ट्रक्चर जातं पण उघडी फाइल राहते. पुढच्या रीडमध्ये पुन्हा तेच ६बी६बी. जी वस्तू फाइलच्या हातात जाते ती साध्या केझॅलॉकने घ्यावी, तिच्यावर केरेफ (ती किती जणांच्या हातात आहे ते मोजणारा आकडा) ठेवावा आणि शेवटचा हात सुटल्यावरच ती सोडावी.

कातळखोदकाम

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग नसावा.

लहान ॲलोकेशन लिनक्समध्ये फेल होतच नाही. जीएफपी-कर्नलने ('लागलं तर थांबेन' असं सांगणाऱ्या नेहमीच्या झेंड्याने) आठ पानांपर्यंत, म्हणजे ३२ केबीपर्यंत मागितलं तर ॲलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) हार मानत नाही. तो पानं रिकामी करतो, वाट बघतो, शेवटी ओओएम किलरकडून एखादी प्रोसेस मारवतो, पण तुम्हाला नल देत नाही. २०१४ च्या डिसेंबरात कर्नलवाल्यांमध्ये यावर मोठी चर्चा झाली, तेव्हा अनेक जुन्या डेव्हलपरांनाही हे नव्याने कळलं. म्हणजे ड्रायव्हरांमधले हजारो 'नल आला तर' कधीच चालत नाहीत. जो कोड कधी चालत नाही तो बरोबर कसा असणार? भीमाकाठ यांच्या बाबतीत तेच झालं. १२८ केबी होतं म्हणून तो रस्ता एकदा तरी चालला. दोनशे बाइटांच्या स्ट्रक्चरसाठी पाच लेबलं लिहिणं म्हणजे पाच नव्या चुकांना जागा करून देणं आहे. त्यापेक्षा नोफेल ('फेल होऊच नकोस' असा झेंडा) द्या आणि मोकळे व्हा.

जुना_कर्नल

राग कसला, तुमचं निरीक्षण खरं आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

पहिलं, ही ॲलोकेटरची आजची वागणूक आहे, त्याने दिलेला शब्द नाही. दुसरं, ती वागणूकही सगळ्यांना सारखी नाही. ओओएम किलरने ज्या प्रोसेसवर बोट ठेवलंय तिच्याच वतीने तुमचा आयओकंट्रोल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेली आज्ञा) चालू असेल, तर तिला लहानसुद्धा नल मिळू शकतो. मेमरी सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाला मेमरीची मर्यादा घालणाऱ्या सोयीच्या) हिशेबात धरलेलं ॲलोकेशन मर्यादेला टेकलं की फेल होतं. इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक (धरलेलं असताना झोपता येत नाही असं लॉक) धरून जीएफपी-ॲटॉमिकने मागता तेव्हा ॲलोकेटर थांबूच शकत नाही. राखीव साठ्यातून थोडं देतो, तो संपला की सरळ नल. नेटवर्कवर एकदम लोंढा आला की हे रोज घडतं.

आणि नोफेल म्हणजे 'फेल झालं तर बघायला नको' असं नाही, 'मिळेपर्यंत मी इथेच उभा राहतो' असं आहे. तुम्ही एखादं लॉक धरून उभे असाल आणि ज्याच्याकडून मेमरी सुटायची तोच त्या लॉकची वाट बघत असेल, तर दोघेही कायमचे अडकले. फाइलसिस्टिमला मध्यावरून मागे फिरता येत नाही अशा जागा असतात, तिथे नोफेलला अर्थ आहे. प्रोबमधून मागे फिरणं सोपं असतं. एक डिव्हाइस चालू झालं नाही तर लॉगमध्ये ओळ येते, बाकीचं मशीन चालू राहतं. ज्या मशीनवर दुसऱ्या कोणाचंही काम चालू आहे ते आपल्या दोनशे बाइटांसाठी अडवायचा आपल्याला हक्क नाही, हे मी मनापासून मानतो.

'कधी चालत नाही म्हणून सडतो' हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. त्यावर उपाय एकच, तो रस्ता मुद्दाम चालवायचा. २००६ पासून फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम चूक घडवायची सोय) कर्नलमध्ये आहे आणि तरी तो वापरणारे लोक मला बोटांवर मोजण्याइतके भेटलेत.

भीमाकाठ

क्रम बदलला, लेबलं लिहिली, इंटरप्ट शेवटी नेला. ऊप्स गेला. सगळ्यांचे आभार!

पण बफर अजूनही कधीतरी मिळत नाहीच. डीएमए (हार्डवेअरने स्वतःच मेमरीत लिहिणं) नाही, सीपीयूच फिफोतून उचलून ठेवतो. आणि फॉल्ट इंजेक्शन कसं चालवायचं ते कृपया सांगा.

अनुस्वार

डीएमए नसेल तर सलग फिजिकल पानांची गरजच नाही. केव्हीमॅलॉक वापरा. तो आधी केमॅलॉकसारखा प्रयत्न करतो, जमलं नाही तर व्हीमॅलॉककडे जातो आणि सुटी पानं एका सलग व्हर्च्युअल पट्ट्यात मांडून देतो. सोडताना केव्हीफ्रीच लावा. केफ्री लावलं तर ज्या दिवशी व्हीमॅलॉककडून आलेलं असेल त्या दिवशी फुटेल, बाकी दिवस चालेल, आणि असली चूक शोधायला सगळ्यात अवघड.

डीएमए असता तर उत्तर वेगळं होतं. बूटच्या वेळीच सीएमएची (सलग मेमरीच्या साठ्याची) जागा राखून ठेवायची आणि डीएमएच्या ॲलोकेटरकडून घ्यायचं. डीएमए मॅपिंग फेल झालं का हे नलशी तुलना करून कळत नाही, त्यासाठी डीएमए-मॅपिंग-एरर हे वेगळं फंक्शन आहे. शून्य हा तिथे खरा पत्ता असू शकतो.

फॉल्ट इंजेक्शनसाठी कर्नलमध्ये फॉल्ट-इंजेक्शन, त्याचा डीबगएफएस, फेलस्लॅब आणि फेल-पेज-ॲलॉक हे पर्याय चालू करा. मग प्रत्येक थ्रेडच्या प्रॉकमध्ये फेल-एन्थ नावाची फाइल दिसेल. तिच्यात ५ लिहिलं की त्या थ्रेडचं पुढचं पाचवं ॲलोकेशन फेल होतं, बाकी सगळी होतात. १ पासून सुरू करा, प्रत्येक वेळी बाइंड करा, आकडा एकेक वाढवत जा. फाइल परत वाचलीत आणि शून्य आलं तर फेल झाल्याची खूण. शून्याच्या वरचा आकडा आला तर तेवढी ॲलोकेशन झालीच नाहीत, म्हणजे सगळ्या जागा संपल्या.

इथे लोक अडकतात त्या दोन गोष्टी आधीच सांगते. फेलस्लॅबमध्ये इग्नोर-जीएफपी-वेट मुळात 'हो' असतं, म्हणजे झोपू शकणारी ॲलोकेशन ते सोडून देतं. जीएफपी-कर्नल त्यातलंच. ते 'नाही' केलं नाहीत तर प्रोबमध्ये काहीच फेल होणार नाही आणि आपला कोड फार चांगला आहे असं वाटेल. दुसरं, दोन पानांपेक्षा मोठा केमॅलॉक स्लॅबकडे (लहान वस्तू वाटणाऱ्या भागाकडे) जातच नाही, सरळ पेज ॲलोकेटरकडे जातो. मोठ्या बफरसाठी फेल-पेज-ॲलॉकमध्येही तेच बदला.

दुपारची_पाळी

मी विंडोजचे ड्रायव्हर करतो. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडेही हेच दुखणं. पूल ॲलोकेशन नल देतं, स्टेटस-इन्सफिशियंट-रिसोर्सेस परत करायचा, सगळ्यांना पाठ असतं. विसरायची जागा वेगळी आहे. एमडीएलचा (बफरच्या फिजिकल पानांच्या यादीचा) सिस्टिम ॲड्रेस मागतो ते ॲलोकेशन वाटतच नाही, नावात तर 'सेफ' लिहिलेलं असतं. ते 'सेफ' म्हणजे मेमरी कमी असेल तर मशीन न पाडता नल देईल, एवढंच. नल तपासायचं काम आपलंच राहतं.

तपासायला ड्रायव्हर व्हेरिफायरमध्ये लो रिसोर्सेस सिम्युलेशन आहे. काही सांगितलं नाही तर ते १०० पैकी ६ ॲलोकेशन फेल करतं. ते नेहमीच्या स्टँडर्ड सेटिंगमध्ये येत नाही, वेगळं चालू करावं लागतं, म्हणून बरेच जण ते कधीच चालवत नाहीत. नव्या ड्रायव्हरवर पहिल्यांदा लावलं तेव्हा अर्ध्या तासात तीन निळे स्क्रीन बघितले होते, आणि तिन्ही चुका माझ्याच कोडमधल्या परतीच्या रस्त्यावर होत्या.

कातळखोदकाम

जुना_कर्नल यांचं सीग्रुपवालं उदाहरण माझ्या ध्यानात नव्हतं. नोफेलचा सल्ला मागे घेतो. पण रन-टाइमला काय करायचं ते कोणीच बोललं नाही. प्रोबमधून मागे फिरता येतं. इंटरप्टच्या मध्यावर मेमरी मिळाली नाही तर कुठे मागे फिरणार?

जुना_कर्नल

या धाग्यातला हाच सगळ्यात चांगला प्रश्न.

शक्यतो तिथे मागायचंच नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला गेलं तर पाणी मिळत नाही. जे लागणार ते प्रोबमध्ये किंवा फाइल उघडताना घेऊन ठेवायचं. डिस्कच्या वाटेवर यासाठी मेमपूल असतो. त्यात थोड्या वस्तू आधीच भरून ठेवलेल्या असतात, नवी मिळाली नाही तर त्यातली द्यायची, ती काम संपवून परत येईल तेव्हा पुढच्याला. थांबायची मुभा असेल तर मेमपूलमधून मागणं फेल होत नाही, फक्त उशीर होतो.

डिस्कच्याच वाटेवर अजून एक सापळा आहे. तिथे जीएफपी-कर्नलने मागितलं तर ॲलोकेटर पानं रिकामी करायला डिस्कवर लिहायला जातो, म्हणजे तुमच्याकडेच येतो, आणि तुम्ही तर मेमरीची वाट बघत थांबलेले. यूएसबीच्या डिस्कवर नेमकी हीच अडचण होती, तिच्यासाठी कर्नल ३.९ मध्ये मेमॲलॉक-नोआयओची सोय आली. त्या टप्प्यात मागितलेल्या कुठल्याही मेमरीला 'आयओ करू नकोस' ही सूचना आपोआप लागते.

आता नेटवर्क कार्ड, कारण तिथे खरंच दर पॅकेटला नवा बफर लागतो. रिंगमध्ये (कार्डाने भरायच्या बफरांच्या गोल रांगेत) समजा २५६ बफर लावलेत. पॅकेट आलं, भरलेला बफर वर पाठवला, त्याच्या जागी नवा मागितला, मिळाला नाही. नवशिका ड्रायव्हर जागा रिकामी सोडून पुढे जातो. असं २५६ वेळा झालं की रिंग रिकामी. कार्डाकडे पॅकेट ठेवायला जागा नाही, म्हणून इंटरप्ट नाही, इंटरप्ट नाही म्हणून बफर भरायचा कोडच चालत नाही. तासाभराने मेमरी मोकळी झाली तरी कार्ड मेलेलं. मशीन चालू, लॉग स्वच्छ, नेटवर्क बंद. अशा मशीनसमोर मी रात्रीचे दोन वाजेपर्यंत बसलोय.

शहाणा ड्रायव्हर उलटं करतो. नवा बफर आधी मागतो. मिळाला तरच भरलेला वर पाठवतो. नाही मिळाला तर आलेलं पॅकेट टाकून देतो, तोच बफर परत रिंगमध्ये लावतो आणि टाकलेल्यांचा आकडा एकने वाढवतो. टीसीपी ते पॅकेट पुन्हा मागून घेईल. एक पॅकेट गेलं, पण रिंग भरलेली राहिली. दुसरा मार्ग व्हर्टआयओच्या (व्हर्च्युअल मशीनमधल्या) नेटवर्क ड्रायव्हरचा: भरणं जमलं नाही तर तो अर्ध्या सेकंदाने पुन्हा प्रयत्न करणारं काम रांगेत टाकून ठेवतो, म्हणजे इंटरप्ट येवो न येवो, कोणीतरी परत येऊन बघणारच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मागे फिरता येत नसेल तर काय सोडायचं हे आधी ठरवून ठेवायचं. सॅम्पल्स सोडायची असतील तर किती सोडली ते मोजा आणि वरच्या प्रोग्रॅमला सांगा. गुपचूप सोडलेलं सॅम्पल म्हणजे चुकीचं मोजमाप, आणि त्या मोजमापावर पुढे कोणीतरी निर्णय घेणार असतो.

तिखटमीठ

सीऐवजी रस्ट भाषेत लिहिलं तर यातलं बरंच जाईल का?

अनुस्वार

परतीचा रस्ता जाईल, निर्णय राहील. वस्तू व्याप्तीबाहेर गेली की आपोआप सुटते, म्हणून लेबलं नकोत. पण रस्टच्या नेहमीच्या लायब्ररीत मेमरी मिळाली नाही की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये कर्नलसाठी रस्टचा पहिला प्रस्ताव आला तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी याच मुद्द्यावर ठाम हरकत घेतली होती. ड्रायव्हरला मेमरी मिळाली नाही म्हणून कर्नल थांबवणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. आता कर्नलच्या रस्टमध्ये प्रत्येक ॲलोकेशनला जीएफपीचा झेंडा द्यावा लागतो आणि उत्तर 'मिळालं किंवा चूक' अशाच रूपात येतं, ते न बघता पुढे जाता येत नाही. सीमध्येही कर्नल ६.५ पासून व्याप्ती संपली की केफ्री करणारी सोय आली आहे. लहान फंक्शनांत मी ती वापरते, गोटू आणि ती एकाच फंक्शनात मिसळत नाही.

भीमाकाठ

चार दिवसांनी लिहितेय. फेल-एन्थ चालवलं. आधी शेलमधून करत होते आणि परत वाचताना कॅट वापरत होते. ती वेगळी प्रोसेस असल्यामुळे तिचीच फाइल वाचत होते, हे कळायला अर्धा दिवस गेला. मग सीमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला: फेल-एन्थमध्ये आकडा लिहा, बाइंड करा, फाइल उघडा, तिन्ही आयओकंट्रोल मारा, फाइल बंद करा, अनबाइंड करा, फेल-एन्थ वाचा, आकडा वाढवा.

प्रोबमध्ये काही निघालं नाही. दोन चुका आयओकंट्रोलमध्ये निघाल्या, आणि दोन्हींच्या समोर तपासणी लिहिलेली होती.

पहिलीत ऊप्सचा ॲड्रेस आला एफएफएफएफएफएफएफ४. आधी वाटलं मेमरी बिघडली. मग लक्षात आलं, ३२ बिटांत वजा १२ म्हणजे हेच, आणि १२ म्हणजे ई-नोमेम. मेमडप-युजर (प्रोग्रॅमकडची माहिती नव्या मेमरीत कॉपी करून देणारं फंक्शन) नल देत नाही, चूक पॉइंटरमध्येच गुंडाळून देतो. मी 'नल आहे का' विचारत होते, तो नल नव्हता, मी आत गेले. तिथे इझ-एरर लावायला हवं होतं. त्यानंतर मेमरी देणाऱ्या प्रत्येक फंक्शनचं परत देणं उघडून वाचलं.

दुसरी चॅनेलांची यादी वाढवताना. केरीॲलॉकचं (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनचं) उत्तर मी त्याच पॉइंटरमध्ये घेत होते. फेल झालं की जुनी यादी जागेवरच असते, पण माझ्याकडचा पत्ता नल झाला, आणि चॅनेलांची संख्या मात्र जुनीच राहिली. आयओकंट्रोलने ई-नोमेम बरोबर परत केलं, प्रोग्रॅमने तो बरोबर हाताळला, आणि पुढच्या इंटरप्टला हँडलर नलमधून सोळा चॅनेल वाचायला गेला. आता नवी यादी वेगळ्या केमॅलॉकने घेते, मिळाली तरच जुनी तिच्यात उतरवून स्पिनलॉक धरून यादी आणि संख्या एकत्र बदलते, आणि जुनी त्यानंतरच सोडते.

जुना_कर्नल

दुसरी चूक नीट वाचून ठेवावी अशी आहे. ई-नोमेम परत करताना आधीची स्थिती जशीच्या तशी असली पाहिजे. जुनी यादी जुन्या संख्येसह चालू राहिली तर वरचा प्रोग्रॅम नंतर पुन्हा विचारू शकतो.

एक विचारतो. फेल-एन्थ चालवून झाल्यावर केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारी सोय) बघितलंत का? ऊप्स न देता गळणारं फेल-एन्थमध्ये दिसत नाही. स्कॅन दोनदा करा, पहिल्यात खोटे इशारे येतात.

भीमाकाठ

आत्ता केलं. एक निघाला, ६४ बाइटांचा. कॅरेक्टर डिव्हाइसची नोंदणी फेल झाली तर नाव ठेवायला घेतलेली स्ट्रिंग सुटत नव्हती. लेबल होतं, पण गोटू त्याच्या खालच्या लेबलावर जात होता. एक ओळ बदलली.

पुन्हा १ पासून चालवलं. ३७ पर्यंत प्रत्येक वेळी शून्य आलं, बोर्ड उभा, केमेमलीक रिकामा. ३८ ला वाचलं तेव्हा १ आलं. बफर केव्हीमॅलॉकवर नेलाय आणि रिमूव्हमध्ये इंटरप्ट पहिल्यांदा काढतेय. बोर्ड टेबलावर चालू ठेवलाय, पुढच्या सोमवारी आठ दिवस होतील, तेव्हा अनबाइंड-बाइंड करून इथे लिहीन.